हेरॉनची खिडकी

"...मग ओळंबा त्याला का दिलात, बाई?"

चौबळबाई चहात बिस्किट बुडवत होत्या. त्यांनी ते बुडवलं, मोडायच्या आत बाहेर काढलं, सावकाश खाल्लं.

"त्याच्या हातात तो लवकर थांबतो," त्या म्हणाल्या.

एवढंच.

भार्गव निमकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे, हे तो न बोलता सांगतो. बाईंचा ओळंबा पितळेचा होता, हाताळून हाताळून सुपारीसारखा गुळगुळीत झालेला. लीला चौबळ ह्या बाईंनी उभं आयुष्य इंग्लंडात जुन्या लाकडी इमारती वाचवण्यात घालवलं होतं. धान्याची कोठारं, पाणचक्क्या आणि सगळ्यात जास्त म्हणजे खेड्यापाड्यांतले पब. त्यांच्या कार्यशाळेत एक रीत होती. एखाद्या इमारतीसाठी ओळंबा ज्याच्या हातात दिला, त्याची ती इमारत. काम संपेपर्यंत बाईसुद्धा त्याला विचारून खिळा मारत.

आणि ही इमारत, हेरॉन नावाचा पब, शेवटची होती. हिवाळा लागायच्या आत बाई अलिबागला बहिणीकडे कायमच्या जाणार होत्या. शेवटच्या इमारतीचा ओळंबा ज्याच्याकडे, त्याच्याकडेच कार्यशाळा राहणार. असं बाई कधी म्हणाल्या नव्हत्या. पण सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे बाईंना ठाऊक होतं.

आणि तो त्यांनी दिला होता सारंग दळवीला!

सारंग सावंतवाडीचा. येऊन धड दोन हिवाळे झाले नव्हते. बेसूर गायचा, माशाचं कालवण झकास करायचा, आणि रस्त्यात भेटेल त्या म्हातारीशी तिच्या मांजराच्या तब्येतीबद्दल बोलत उभा राहायचा. भार्गव बाईंकडे आला तेव्हा त्याचे केस काळेभोर होते. आता कानशिलं पिकली होती. बाईंच्या हाताखाली त्याने किती तुळया उचलल्या, किती कुजकी लाकडं कापून नवी जोडली, ह्याचा हिशेब ठेवणाऱ्यातला तो नव्हता. निदान कालपर्यंत नव्हता.

"लवकर थांबतो म्हणजे काय?" त्याने विचारलं. "माझा हात कापतो का?"

"नाही रे."

"मग?"

बाईंनी बशीतला चुरा बोटाने गोळा केला.

"असं कर," त्या म्हणाल्या. "हेरॉनची रस्त्याकडची भिंत बाहेर कलली आहे. ती का कलली ते शोधून काढ. बरोबर सांगितलंस की ओळंबा तुझा."

"आणि सारंग देईल?"

"विचारू या की."

सारंग मागच्या अंगणात करवतीला धार लावत होता. त्याला सांगितल्यावर त्याने खिशात हात घातला.

"दादांना हवाय? मग आत्ताच घ्या ना. शोधायचं ते आपण मिळून शोधू."

भार्गवला हे सगळ्यात जास्त लागलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं. हा माणूस एवढी मोठी गोष्ट सुपारी द्यावी तशी पुढे करतो!

"नको," भार्गव म्हणाला. "शोधीन, मग घेईन. एकटा शोधीन."

बाई आपला चहा संपवायला आत गेल्या.

हेरॉन हा मार्लकोट गावाचा पब. पब म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे अंधार, गोंगाट आणि भांडणं येतात. इंग्लंडच्या खेड्यातला जुना पब तसा नसतो. ती गावाची चावडी असते. तिथे लग्नं ठरतात, गाई विकल्या जातात, आणि मेलेल्या माणसाच्या नावाने पेला उचलायलाही तिथेच जमतात. हेरॉन म्हणजे बगळा, म्हणून दारावर बगळ्याची रंगवलेली पाटी होती. एका पायावर उभा, डोळे मिटलेला. बगळा साधू आहे की मासे मोजतोय, हे चित्रकाराने बघणाऱ्यावर सोडलं होतं.

दार इतकं बुटकं की आत जाताना मान झुकवावीच लागे. आत दगडी फरशी, मधोमध झिजलेली. भिंतीत भलीमोठी चूल, तिच्या दोन्ही कडांना बसायला बाक. थंडीत माणसं चुलीच्या आतच जाऊन बसत. चुलीवरच्या तुळईवर चेटकिणींना अडवायला कुणीतरी कोरलेली गोल फुलं. जिथे पेले भरतात ते लाकडी काउंटर खूप नंतरचं. त्याआधी बिअर तळघरातून घागरींनी वर आणत. एक खोली मागे वाढवलेली, एक बाजूला चिकटवलेली. मोठ्या कुटुंबाचं घर वाढतं तसा हा पब वाढला होता.

सगळ्याचा सांगाडा ओकच्या लाकडाचा. जाड खांब, त्यांवर आडव्या तुळया, आणि खांब-तुळईचा कोन हलू नये म्हणून तिरपे दांडे. मधल्या भिंती कुडाच्या, म्हणजे काठ्या विणून त्यांवर माती-शेण लिंपलेल्या. पहिल्यांदा तो कुड बघितला तेव्हा सारंगच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आजीच्या गोठ्यासारखाच हो, बाई," असं म्हणून तो भिंतीवर हात फिरवत राहिला. बाई हसल्या होत्या. भार्गवने बाईंना तसं हसताना बघितलं आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं तिथपासूनचं.

तर भार्गव कामाला लागला.

रस्त्याकडे तोंड करून पबला एक खिडकी होती. भिंतीच्या पुढे काढलेली, तिन्ही बाजूंनी काचा, आत बसायला बाक. भार्गवने आपले नकाशे, कंदील, हातोडी सगळं तिथे मांडलं. प्रकाश चांगला म्हणून. प्रकाश चांगला होता हे खोटं नाही. पण त्या खिडकीतून समोरचं हिरवं मैदान दिसे, आणि मैदानावर सारंग बसे, फळीवर कागद लावून हेरॉनच्या दर्शनी भिंतीचं चित्र काढत.

खिडकीच्या खालच्या फळीवर एक उथळ खळगा होता. भार्गवचं कोपर आपसूक तिथे जाऊन टेकायचं. त्याला ती जागा फार सोयीची वाटली.

पहिल्या खेपेला त्याने बाईंना सांगितलं, "जमिनीलगतची तुळई कुजली आहे, बाई. ओल धरली आहे. म्हणून भिंत खचली."

बाई वाकल्या, तुळईत सुरी खुपसून पाहिली.

"कुजली आहे खरी," त्या म्हणाल्या. "पण ती खाली बसेल. बाहेर का जाईल?"

भार्गव परत खिडकीत येऊन बसला. बाहेर सारंगभोवती गावातली दोन म्हातारी माणसं जमली होती. सारंग हात उडवत काहीतरी सांगत होता. ती माणसं पोट धरून हसली. काचेतून आवाज येत नव्हता. 'माझ्यावरच हसत असणार,' भार्गवच्या मनात आलं. दुपारभर तो तुळयांवरच्या खुणा बघायचं ठरवून बसला होता. जुने सुतार सांगाडा आधी अंगणात जुळवत, मग जोडणाऱ्या दोन्ही लाकडांवर सारखीच खूण कोरत, म्हणजे वर चढवताना गोंधळ नको. त्या खुणा वाचायच्या असतील तर मान वर करावी लागते. भार्गवची मान खिडकीकडेच वळलेली राहिली.

दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "छताचं वजन, बाई. वासे भिंतीला बाहेर ढकलताहेत."

"मग मागची भिंत का नाही ढकलली? छत दोन्हीकडे सारखंच आहे."

भार्गव हातातला नकाशा उलटसुलट करू लागला.

"तू बसतोस कुठे रे दिवसभर?"

"खिडकीत. उजेड असतो."

"हं," बाई म्हणाल्या. "चांगली जागा आहे."

त्या बाहेर पडल्या, मैदान ओलांडून सारंगजवळ गेल्या आणि त्याच्या फळीवरचं चित्र बघत उभ्या राहिल्या. भार्गवने काचेला नाक लावलं. बाईंनी सारंगच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत आपल्या खांद्यावर कधी ठेवला होता का? भार्गवने आठवून पाहिलं. ठेवला असेलही. पण त्याला त्या क्षणी एकही वेळ आठवेना, आणि रडायला आल्यासारखं झालं. एवढा मोठा माणूस, इंग्लंडातल्या पबमध्ये बसून, एका ओळंब्यासाठी!

"काय बघतोयस एवढं, लव्ह?"

पबची मालकीण, मिसेस हॉबडे, ओलं फडकं घेऊन टेबल पुसायला आली होती. गोल, गुलाबी, बोलकी बाई. ती दुधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणे.

"काही नाही," भार्गव म्हणाला.

"जोसायापण असंच म्हणायचा म्हणे. 'काही नाही.'"

"कोण जोसाया?"

"अरे, जोसाया प्रॅट! फार पूर्वी हे त्याचं होतं. खळगा त्याचाच तो."

"कुठला खळगा?"

"तुझं कोपर आहे तो."

भार्गवने चटका बसावा तसं कोपर उचललं.

मिसेस हॉबडे त्याच्यासमोर टेकली. सांगायला मिळालं म्हणून खूश झाली होती. "समोर गवत आहे ना, तिथे तेव्हा दुसरा पब होता. बेल नावाचा. जोसायाच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. बिअर जोसायाचीच चांगली होती, हे बेलमधली माणसंसुद्धा कबूल करायची. पण जायची तिकडेच. तिकडे गाणी व्हायची, हसणं-खिदळणं व्हायचं. जोसायाला ते सहन होईना. आज तिकडे कोण गेलं हे बसल्या जागेवरून दिसावं म्हणून त्याने भिंत फोडून ही खिडकी काढली. म्हणे मधे एक लाकूड डोक्याशी यायचं. मान तिरकी करून बघावं लागायचं त्याला. तर ते स्वतःच करवतीने..."

भार्गव ताडकन उठला.

बाकावर चढला. डोकं वर केलं. खिडकीलगत तो मुख्य खांब होता, आणि खांबातून खोलीत जाणारी तुळई. कोनात काहीच नव्हतं. त्याने कंदील जवळ नेला. खांबाच्या अंगात चुना भरून बुजवलेली एक लांबट खाच. तुळईच्या पोटात दुसरी. दोन्ही खाचांच्या कडेला तीच खूण, फुली आणि तिच्यावर आडवी रेघ. त्या खुणेचं तिसरं लाकूड मात्र तिथे कुठेच नव्हतं.

खांबाला आत धरून ठेवणारा तिरपा दांडा! तोच कापून काढला होता. मग खांब मोकळा झाला आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा रस्त्याकडे जात राहिला, भिंतीला बरोबर घेऊन.

आणि हे सगळं त्याच्या स्वतःच्या डोक्यावर, हात वर केला तर लागेल एवढ्या अंतरावर होतं.

भार्गवला आनंद झाला, फार झाला. पण खरं सांगायचं तर पहिला विचार घराचा आला नाही. पहिला विचार आला तो असा, की आता सारंगचं तोंड बघायला पाहिजे.

"मग पुढे?" त्याने बाकावरूनच विचारलं, उगीच बरं दिसावं म्हणून.

"पुढे काय, लव्ह? भाऊ मेला. बेल ओस पडलं, मग पाडलं. गवत उगवलं. जोसाया मात्र मरेपर्यंत रोज संध्याकाळी इथेच बसायचा. हेच कोपर, हाच खळगा."

"काय बघायचा?"

"गवत," मिसेस हॉबडे म्हणाली, आणि फडकं पिळायला गेली.

भार्गव धावत जाऊन बाईंना घेऊन आला. बाई हळूहळू बाकावर चढल्या. चुना भरलेल्या खाचेवरून त्यांनी बोटं फिरवली, आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवावीत तशी.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

भार्गवची छाती फुगली.

"का कापला रे दांडा?"

"डोळ्यांच्या आड येत होता. समोरचं दिसावं म्हणून कापला."

"समोर काय होतं?"

"बेल. त्याच्या धाकट्या भावाचं."

"आणि घर?"

"घर कललं."

"कुणीकडे?"

"बेलकडे."

"आता कुठाय बेल?"

"नाहीच आहे, बाई! केव्हाच पडलं."

धडा पाठ असलेल्या मुलासारखा भार्गव भराभर उत्तरं देत होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खाली उतरल्या.

"सारंगला बोलावते," म्हणाल्या.

सारंग आला. कोटाच्या खिशातून त्याने ओळंबा काढला, सदऱ्याला पुसला आणि दोन्ही हातांनी भार्गवपुढे धरला.

"घ्या दादा. कसं शोधलंत हो! मला तर दहा जन्मांत सुचलं नसतं."

भार्गवने त्याच्या चेहऱ्यात शोधलं. कुठेतरी ओरखडा असेल, एखादी जळकी रेघ असेल. एवढं गेलंय ह्याचं, काही तरी दिसेल! दिसलं नाही. सारंगने मिसेस हॉबडेच्या कुत्र्याला शीळ घातली आणि दोघं मैदानावर निघून गेले.

ओळंबा भार्गवच्या तळहातावर होता. पितळ अजून सारंगच्या खिशातलंच गरम होतं.

"लाव आता खांबाला," बाई म्हणाल्या. "किती बाहेर गेलाय बघू. तेवढाच आत आणायचाय. नवा दांडा त्या मापाने बसवू."

बाई समोर टेबलाशी बसल्या. मिसेस हॉबडेने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

भार्गव खिडकीतल्या बाकावर गुडघा टेकून चढला. उजव्या हाताने दोरी वर धरली, खांबापासून जरा अलग, वजन खाली मोकळं सोडलं. तोल जाऊ नये म्हणून डाव्या कोपराचा आधार घेतला.

ओळंबा झोके घेऊ लागला. सोडल्या सोडल्या घेतोच. मग मंदावतो, मग थांबतो. थांबला की माप घ्यायचं. किती इमारतींवर भार्गवने हे केलं असेल!

बाहेर सारंग गवतात बसला होता, पाठमोरा.

एकदा वळायला काय होतं? भार्गवला त्याचं तोंड एकदाच बघायचं होतं. आमच्यासमोर हसला, आता एकटा आहे, आता खरं तोंड दिसेल. भार्गव जरासा पुढे झुकला.

सारंगने काठी फेकली. कुत्रं उड्या मारत गेलं, घेऊन आलं, सारंगच्या अंगावर चढलं. सारंग आडवा पडून हसत सुटला. पबच्या खिडकीकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

भार्गव आणखी पुढे झुकला, दोरीचा हातही त्याच्यासोबत सरकला.

पोटातलं ते दुखणं होतं तिथेच होतं. ओळंबा आला, आता कार्यशाळाही येईल, पण ते हललं नाही. उलट आता तर त्याला काही कारणही उरलं नव्हतं, आणि तरी ते दुखतच होतं.

टक.

ओळंबा खांबाला लागला.

"थांबतोय, बाई," भार्गव बाहेर बघतच म्हणाला.

टक... टक...

"थांबेल आता... एक मिनिट..."

बाईंनी बिस्किट चहात बुडवलं होतं. ते कधीच मोडून तळाशी गेलं. त्यांनी चमचा उचलला नाही. त्या भार्गवकडे बघत होत्या. त्याच्या ताणलेल्या मानेकडे, काचेला टेकलेल्या कपाळाकडे, आणि फळीवरच्या खळग्यात नेमक्या बसलेल्या कोपराकडे.

टक...

"गवत बरंच वाढलंय ना रे, भार्गव?"